नारिंगी खूण

भाऊजींनी ते पेन सासूबाईंच्या उशाशी ठेवलं तेव्हाच मी म्हणाले होते, “भाऊजी, हे शास्त्राच्या पानाला चालायचं नाही. शाई फुटेल.”

थिओफिल भाऊजी हसले. माझ्या नवऱ्याचे हे थोरले भाऊ. पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरचे साहेब होते आणि नाताळपुरते श्रीरामपूरला आले होते. येताना आईसाठी त्यांनी कारखान्यातलं पेन आणलं होतं. अंगठ्याएवढं जाड, नारिंगी शाईचं, टोपण काढलं की रॉकेलसारखा वास सुटायचा. खोक्यांवर नावं लिहायला वापरतात तसलं.

“जर्मन पेन आहे, येमिमा,” ते म्हणाले. “तुझ्या त्या बाजारातल्या पेन्सिली फेकून दे आता. हे नुसतं टेकवलं तरी उमटतं. आईला हेच हवं.”

नुसतं टेकवलं तरी उमटतं, हे मात्र खरं होतं. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून की काय, त्यांनी ते पाण्याच्या तांब्याशेजारी उभं करून ठेवलं आणि इथून हलवायचं नाही असं मला बजावलं. वर्षातून दोनदा उगवणारा माणूस, पण हुकूम रोजच्यासारखे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

माझ्या सासूबाई सगुणाबाई उजागरे. उभं आयुष्य त्या बायबलबाई होत्या, म्हणजे मिशनच्या वतीनं खेडोपाडी फिरून बायकांना शास्त्र, आमचं बायबल, शिकवायच्या. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा शास्त्र वाचायचं कसं हे मला ठाऊक होतं, त्याचा अभ्यास करायचा कसा हे त्यांनी शिकवलं. त्यांचं मोठ्या अक्षरांचं शास्त्र म्हणजे रंगीत शेतच होतं. देवाच्या अभिवचनाखाली लाल रेघ, आज्ञेखाली निळी, आणि बायकांची गोष्ट आली की हिरवी. रेघ मारायला लाकडी पट्टी त्यांना चालायची नाही, तिच्या कडेनं पान फाटतं. त्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापून ठेवली होती. नवी पेन्सिल आणली की आधी शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घासायची, पान उलटायचं, उजेडात धरायचं. मागं दिसलं की पेन्सिल बाद.

“शास्त्राचं पान म्हंजी कांद्याचा पापुद्रा, येमी,” त्या म्हणायच्या. “या बाजूला राग काढला का त्या बाजूला कळतं.”

अशा बाईला ईस्टरनंतर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळ्या भाषेतून एकच शब्द उरला, ‘बरं’. तहान लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, चर्चचे पाळकसाहेब भेटून निघाले तरी बरं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, फक्त बाहेर येताना एकाच दारातून येतं. त्यामुळे हो-नाही विचारण्यात काही अर्थ नव्हता. चहा हवा का म्हटलं तर बरं, नको का म्हटलं तरी बरं.

पण शास्त्र सुटलं नव्हतं. रोज सकाळी न्हाणं-धुणं झालं की मी त्यांच्या मांडीवर उशी आणि उशीवर शास्त्र ठेवायचे. त्या डाव्या हातानं पानं चाळायच्या आणि पेन्सिल मागायच्या. डाव्या हातात जोर नव्हता. पेन्सिल कागदावरून नुसती सरकायची, रेघ म्हणून उमटायची नाही, आणि मग त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मला दुसरीकडे बघावं लागायचं.

म्हणून मी त्यांच्या हाताला झेपेल असं काहीतरी शोधत होते. बॉलपेननं भोक पडलं. स्केचपेनची शाई पानामागं फुटली. मेणखडू उमटला, पण एका वेळी तीन वचनं झाकून गेला. मोडक्या शास्त्राचं एक सुटं कोरं पान पर्समध्ये घालून मी मुथाशेठच्या दुकानात जायचे आणि प्रत्येक पेन त्याच्यावर ओढून, पान उलटून बघायचे. “बाई, पेन घ्यायचंय का पेनाची परीक्षा?” असं शेठ म्हणायचे. दवाखान्याच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्यांवर लिहायला मेणाची मऊ पेन्सिल असते, असं कुणीतरी सांगितलं होतं. ती मी तिथल्या नर्सबाईंकडे मागून ठेवली होती.

आणि त्याच जानेवारीत मिरजेहून मला बोलावणं आलं. मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रनची जागा रिकामी झाली होती. राहायला खोली-स्वयंपाकघर, हातात पगार, एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. माझा नवरा बेन्यामीन मोटारसायकलवर गेला त्याला दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्या दोन वर्षांत मी सुनेची विधवा सून झाले, मग नर्स झाले आणि मंडळीत लोक मला ‘आमची रूथ’ म्हणायला लागले. शास्त्रातल्या त्या रूथेनं सासूला सोडलं नाही, म्हणून. चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहून बायका हे कौतुकानं म्हणायच्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणी मला विचारलं होतं? रूथेनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की मी येते म्हणून. माझ्या वतीनं अख्खी मंडळी बोलत होती.

मी भाऊजींना फोन करून सांगितलं, मला जायचंय, आईंना तुम्ही पुण्याला न्या. मग ते म्हणाले, रविवारी येतो, बसून बोलू.

रविवारी उपासना सुटल्यावर ते आले. बरोबर माझ्या जाऊबाई एस्तर आणि आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड हिवाळे. म्हणजे निकाल ठरवूनच आले होते, साक्षीदार सोबत आणला होता. मी सगळ्यांना चहा दिला. भाऊजींनी सुरुवात फार गोड केली. आईला आमच्या फ्लॅटवर चढवायचं कसं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एस्तरची नोकरी. मुलाची दहावी. जाऊबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. पाळकसाहेब बशीतल्या बिस्किटाकडे बघत होते.

“आणि शेवटी आईची इच्छा काय, ती बघायला हवी,” भाऊजी म्हणाले.

ते उठले, आईच्या मांडीवरचं शास्त्र त्यांनी उचललं आणि खुणेची फीत होती तिथं उघडलं. रूथचं पुस्तक. मला लांबूनच दिसलं, नारिंगी पट्टा. मी न्हाणीघरात किंवा बाजारात असताना सासूबाईंनी डाव्या हातानं ते जर्मन पेन उचललं होतं.

“हे मी मघाशी आल्या आल्या बघितलं,” भाऊजी म्हणाले. “साहेब, तुम्हीच ऐका. दुसरा अध्याय, आठवं वचन.” आणि त्यांनी वाचून दाखवलं. बवाज नावाच्या शेतमालकानं रूथेला सांगितलेलं ते वचन. दुसऱ्या कुणाच्या शेतात जाऊ नकोस, इथून निघून जाऊ नकोस, इथंच माझ्याकडच्या बायकांपाशी राहा.

जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डावा हात शास्त्राकडे ताणला. भाऊजींनी ते त्यांच्यासमोर धरलं, तसा त्यांनी त्या पानावर हात आपटला. “बरं, बरं, बरं.” पुन्हा पुन्हा, बोटं वाकडी करून पान ओरबाडल्यासारखा.

“बघा,” भाऊजी म्हणाले. “स्वतः सांगतेय.”

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. बवाजानं ते कणसं वेचणाऱ्या एका परक्या बाईला, तिला शेतात कुणी छेडू नये म्हणून सांगितलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. या वचनावर त्यांनी कापणीच्या सणाला उपदेश केला होता. पण ते मूग गिळून बसले. शेवटी प्रार्थनेला उभे राहिले आणि त्यागी स्वभावाबद्दल देवाचे आभार मानले. माझ्या त्यागी स्वभावाबद्दल.

सगळे गेल्यावर मी कपबशा विसळल्या आणि त्यातली एक मुद्दाम फोडली.

भाऊजींचा राग मला नवा नव्हता. तो जुन्या दाढदुखीसारखा सवयीचा झाला होता. पण सासूबाईंचा राग यायला लागला आणि तो कुठे ठेवावा कळेना. ज्या बाईनं मला शास्त्र उघडायला शिकवलं, तिनंच त्याची बेडी करून माझ्या पायात घातली. बेन्यामीन गेला त्या रात्री मला कुशीत घेऊन बसलेली बाई. तिला माझ्याकडून पाणी हवं होतं, भाकरी कुस्करून हवी होती, चादर बदलून हवी होती, आणि हे सगळं मरेपर्यंत मिळावं म्हणून तिनं देवाची सही घेतली होती.

मी कामात कुचराई केली नाही. ते बरं झालं नसतं. पण मी बोलणं बंद केलं. सकाळी शास्त्र मांडीवर ठेवणं बंद केलं, ते उचलून खिडकीत ठेवलं. त्या खिडकीकडे हात करायच्या, “बरं, बरं” म्हणायच्या आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन धान्य निवडत बसायचे. मिरजेला फोन करून नाही म्हणायचं होतं. रोज एसटीडी बूथपर्यंत जायचे आणि आज रांग आहे म्हणून परत यायचे. रांग नसतानाही.

अशात दवाखान्यातून ती मेणाची पेन्सिल आली. कागद गुंडाळलेली, सोलून टोक काढायची, निळी. इतके दिवस शोधली तेव्हा मिळाली नाही आणि आता नको असताना दारात. मी ती हातात घेऊन सासूबाईंसमोर उभी राहिले.

“घ्या,” मी म्हणाले. “ही फुटत नाही. आणखी एखादं वचन शोधा मला बांधून ठेवायला.”

कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले ते हे. खिडकीतलं शास्त्र काढून मी त्यांच्या मांडीवर आदळलं. पेन्सिलीकडे त्यांनी बघितलंही नाही. फितीपाशी शास्त्र उघडलं, तो नारिंगी पट्टा वर आला, आणि त्यांनी परत हात आपटायला सुरुवात केली. “बरं, बरं.” माझं डोकं फिरलं. कळलं, म्हटलं, कळलं सगळ्यांना, किती वेळा सांगाल. तरी त्या थांबेनात. बोटं वाकडी करून पानाचा कोपरा ओरबाडत होत्या. पातळ पान, त्यांना एका हातानं धरता येईना. कोपरा चुरगळला, टर्रकन एवढासा फाटला.

शास्त्राचं पान फाटलेलं मला बघवेना. सवयच तशी लावली होती त्यांनीच. मी पुढे होऊन त्यांचा हात बाजूला केला, पान सोडवलं आणि चुरगळलेला कोपरा सरळ करायला म्हणून ते उचलून मागच्या बाजूला उलटलं.

त्यांचा हात थांबला.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. हात उशीवर पडून होता, मोकळा. तोंडातून ‘बरं’सुद्धा आलं नाही.

मग मी पानाकडे बघितलं. या बाजूलाही नारिंगी पट्टा होता, त्याच जागी. पण हा गडद होता, कडा रेखलेल्या होत्या, सुरुवातीला पेन टेकवून ठेवल्याचा जाड ठिपका होता आणि शेवटी हात थरथरत घसरल्याची शेपटी. मी पान खिडकीच्या उजेडात धरलं. तिकडचा पट्टा फिका होता, कडेला पसरलेला, मधेमधे तुटलेला. तो कुणी ओढलेलाच नव्हता. तो इकडून तिकडे उतरला होता.

इकडे पहिला अध्याय होता. तिथलंही आठवं वचन. मोठ्या अक्षरांचं शास्त्र, पानाच्या एका बाजूला वीस-बावीस वचनंच मावतात. रूथेची सासू नामी आपल्या दोन विधवा सुनांना सांगते ते वचन: आपापल्या आईच्या घरी परत जा, माझ्याशी आणि मेलेल्यांशी तुम्ही जसं चांगलं वागलात तसंच देव तुमच्याशी वागो.

मी पलंगाच्या कडेला बसले. इतके दिवस ती बाई एकाच पानाच्या दोन बाजूंमध्ये अडकून पडली होती आणि मी दुसऱ्या खोलीत तांदळातले खडे वेचत होते. मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच, आणि आता तो कुठे ठेवायचा ते मला नीट ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी भाऊजी आले. मीच बोलावलं होतं, आणि पाळकसाहेबांनाही. भाऊजी खुशीत होते. आईसाठी त्यांनी संत्री आणली होती, वसतिगृहाला नकार कळवलास ना म्हणून विचारत होते. मी चहा ठेवला नाही. शास्त्र टेबलावर ठेवून उघडलं, नारिंगी वचन दाखवलं, मग पान उलटलं आणि पाळकसाहेबांना म्हणाले, वाचा.

त्यांनी वाचलं. पहिल्यांदा मनात, मग मोठ्यानं.

भाऊजींना कळायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, “खूण दोन्हीकडे आहे. मग कुठली खरी ते कुणी ठरवायचं? तू?”

“तुमचं पेन ठरवेल,” मी म्हणाले. तांब्याशेजारी उभं असलेलं पेन मी त्यांच्या हातात दिलं आणि शास्त्राचं शेवटचं कोरं पान उघडलं. सासूबाईंच्या पेन्सिलींच्या रेघांनी भरलेलं ते पान, खालचा कोपरा तेवढा मोकळा होता. “इथं ओढा. एकच रेघ.”

त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, “ओढा, थिओफिल.” त्या माणसानं माझ्या बाजूनं काढलेला तेवढाच एक शब्द, पण वेळेवर काढला.

भाऊजींनी रेघ ओढली. रॉकेलचा वास सुटला. मी पान उलटलं. मागं फिका, पसरलेला, तुटका नारिंगी पट्टा उतरला होता. मग मी रूथचं पान त्याच्याशेजारी धरलं. त्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“मी म्हटलं होतं ना, फुटेल,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. पण तो पश्चात्ताप नव्हता, हिशेब होता. “मग आईचं काय?” ते म्हणाले. “तिला कोण बघणार?”

“तुम्ही. मुलगा आहात.”

“अगं, पण तिसरा मजला...”

“भाऊजी, त्या तुमची आई आहेत. मी दोन वर्षं तुमच्या वाटणीचं केलंय. आईंनी मला जा म्हटलंय, देवाच्या शास्त्रात खूण करून म्हटलंय. तुम्हाला खूण मान्य होती ना? त्याच रविवारी मान्य होती. आता पान उलटलं म्हणून अमान्य?”

सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्यांना माहीत होतं की ‘जा’ म्हणजे आपण कुठे जाणार. लेकाचा तिसरा मजला, तिथला बंद दरवाजा, आपल्याला शास्त्र उघडून द्यायलाही कुणी नाही. हे सगळं माहीत असून त्यांनी त्या थरथरत्या हातानं पेन उचललं होतं. हे मला त्या क्षणी कळलं, पण मी मागे हटले नाही. मागे हटले असते तर तो पट्टा पुन्हा खोटा ठरला असता.

जानेवारी संपायच्या आत मी त्यांचं पुण्याला न्यायचं सामान बांधलं. रंगीत पेन्सिलींचा डबा, एक्स-रेची पट्टी, मेणाची निळी पेन्सिल टोक काढून. जाऊबाईंना मी दाखवलं, सकाळी मांडीवर उशी ठेवायची, उशीवर शास्त्र. त्या हो हो म्हणाल्या.

मिरजेला माझा जीव रमला. मुली भांडखोर होत्या, मला आवडल्या. ईस्टरच्या सुट्टीत मी पुण्याला गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. अंगावरचं स्वच्छ होतं, जेवणखाण वेळेवर होतं, त्यात खोट काढता आली नसती. शास्त्र कुठंय म्हणून विचारलं तर जाऊबाईंनी कपाटावर बोट दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं, धूळ बसू नये म्हणून. पेन्सिली मुलाच्या कंपासपेटीत गेल्या होत्या. मेणाची निळी पेन्सिल मात्र तशीच होती, टोकही न झिजलेलं.

मी स्टुलावर चढून शास्त्र खाली काढलं. भाऊजी दारात उभे होते. पलंगापाशी बसून मी सासूबाईंचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, “आई, मिरजेला येता माझ्याकडे? खोली लहान आहे. पण तळमजल्यावर आहे.”

भाऊजी लगेच म्हणाले, खरंच तिला तिथं बरं वाटेल, गाडीची सोय मी करतो. एकदा तरी नको म्हणाले असते तर त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीतरी उरलं असतं.

सासूबाईंनी शास्त्राकडे हात केला. मी ते उशीवर ठेवलं, फितीपाशी पहिला अध्याय उघडला आणि निळी पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी पेन्सिल तशीच धरून ठेवली आणि मनगटानं ते नारिंगी पान पुढे सारू लागल्या. या वेळी मी थांबले नाही, मी उलटून दिलं. फिका पट्टा वर आला. इथंच राहा. ज्या वचनानं मला बांधलं होतं त्याच्याखाली त्यांनी निळी रेघ ओढली, डाव्या हातानं हळूहळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला, इथंच म्हणजे इथं, आणि तिथंच ठेवला.

मी पान उलटून बघितलं. मागं काही उमटलं नव्हतं.